तराफ्याची घडी

औषधांच्या दुकानात तिच्यापुढे दोनच माणसं उरली होती, तेव्हा कारखान्याच्या मालकांनी पाठवलेला फोटो आला. आधी तिला वाटलं, कुणाच्या तरी सहलीचा फोटो चुकून आपल्याला पाठवलाय. राखाडी पाणी, त्यावर नारिंगी रंगाचा एक कललेला तंबू, आणि बाजूला अंड्याच्या कवचासारखं काहीतरी पांढरं, अर्धं बुडालेलं. खाली मालकांचे तीनच शब्द होते, ‘हा आपलाच ना?’ तिने दोन बोटांनी ते पांढरं मोठं करून पाहिलं. कवचावर निळ्या काठाची चिठ्ठी होती. अक्षरं फुटलेली, वाचता येत नव्हती, पण ती चिठ्ठी कुठे चिकटवतात आणि घाईत चिकटवली तर कोणत्या बाजूला तिरकी जाते हे तिच्या अंगठ्याला पाठ होतं. “बाई, कागद द्या,” काउंटरमागचा माणूस म्हणाला. तो दुसऱ्यांदा म्हणत असावा, कारण मागे उभ्या असलेल्या बाईंनी तिच्या कोपराला हात लावला. तिने नवऱ्याच्या गोळ्यांचा कागद पुढे केला, गोळ्या घेतल्या, रक्त पातळ ठेवायची गोळी सकाळी द्यायची की संध्याकाळी, असंही विचारलं. सहा महिने तीच ती गोळी त्याला देत होती, तरी विचारलं. मग बाहेर पायरीवर येऊन तिने मालकांना फोन लावला.

“आपलाच आहे,” मालक म्हणाले. “ते धान्याचं जहाज आठवतंय? हिरव्या पट्ट्याचं? आज पहाटे त्या चिंचोळ्या समुद्रात त्याला काहीतरी येऊन लागलं. आकाशातून आलं म्हणतात. बुडालं. बावीस माणसं होती वर.” मालकांना दम लागला होता, जिना चढत असावेत. “एक तराफा सापडलाय. अकरा जण आहेत त्यात, ठणठणीत. दुसऱ्याचा पत्ता नाही.”

“दुसरा कुणी बांधला होता?”

“म्हणजे?”

“दोनांतला माझा कोणता?”

“अगं बाई, मी अजून कारखान्यात पोचतोय. रजिस्टर बघून सांगतो. तुझी आज सुट्टी आहे ना? घरी जा तू.”

ती घरी गेली नाही. गोळ्यांची पिशवी मनगटाला अडकवून ती बंदराकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली आणि बस सुटल्यावर तिला कळलं की आपण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासतोय. काहीतरी बारीक, गोल, धातूचं धरून ओढावं तसं. ही हालचाल तिची रोजची होती. जहाज बुडायला लागलं की पाण्यात टाकायचा, दोर ओढला की आपोआप फुगणारा रबरी तराफा, असे तराफे तपासून, घडी घालून पुन्हा कवचात बंद करणं हे तिचं वीस वर्षांचं काम. आतल्या वायूच्या नळकांड्याला एक लाल पिन असते. तपासणी चालू असताना चुकून वायू सुटू नये म्हणून ती घालून ठेवायची आणि कवच बंद करण्याआधी आठवणीने काढायची. काढली नाही तर दोर कितीही ओढा, नळकांडं मुकाट बसून राहतं. हिरव्या पट्ट्याच्या जहाजाचा तराफा तिने कोणत्या दिवशी बांधला होता हे तिला सांगायला रजिस्टर नको होतं. त्या दिवशी नवऱ्याच्या छातीची शस्त्रक्रिया होती. कोपऱ्यांच्या घड्या, तळाची गुंडाळी, आवळलेले पट्टे, सगळं तिला आठवत होतं. पिन काढलेली आठवत नव्हती. पण काढली नाही असंही आठवत नव्हतं. रोज करतो ती गोष्ट आठवतच नाही. दार लावलं का, कुलूप घातलं का, हे निम्म्या रस्त्यात आल्यावर कुणाला छातीठोकपणे सांगता येतं?

बस पुरवठादारांच्या गल्लीतून गेली. एरवी या गल्लीत चालायला जागा नसते. दोरखंडवाले, रंगवाले, जहाजांना भाजी आणि मांस पोचवणाऱ्यांच्या गाड्या, नकाशे विकणारा तो बहिरा म्हातारा, सगळे एकमेकांच्या अंगावर. पण चिंचोळ्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून निम्मी जहाजं अख्ख्या खंडाला वळसा घालून जात होती आणि गल्ली ओस पडली होती. भाजीवाला गाडीच्या टपावर बसून पेपर वाचत होता. जहाजं उशिरा येत, आली की घाईत असत, खलाशी घरी जायचे ते दोन-दोन महिने लांबत. आणि घाई म्हटली की कुणीतरी एजंट कारखान्यात यायचाच. परवाच एक येऊन गेला. “उघडता कशाला? वर्षभर कवचातच होता, कुणी हात लावलाय त्याला? शिक्का मारा आणि द्या, जहाज उद्या सुटतंय.” मालकांनी त्याला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि दाराबाहेर पोचवून म्हणाले, “पुढच्या वेळी तुम्हीच बसा तराफ्यात, मग न उघडता देतो.” ती तेव्हा हसली होती, मोठ्याने हसली होती. आपल्याकडे प्रत्येक तराफा उघडला जातो, हवा भरून तासन्‌तास ठेवला जातो, म्हणून आपला शिक्का खरा. पण उघडलेला तराफा बंद करणारी माणसंच असतात, आणि माणसाचं मन त्या वेळी कुठे असेल याचा शिक्का कुठे मारतात?

मन त्या दिवशी इस्पितळात होतं. सकाळी सहाला नवऱ्याला आत नेताना त्याने तिच्याकडे न बघता विजेचं बिल भरायची आठवण केली होती, आणि नर्स म्हणाली होती की पाच तास तरी काही कळणार नाही, बाहेरच्या बाकावर एकानेच थांबायचं. नणंद म्हणाली, “मी थांबते, वहिनी. तुम्ही इथे येरझाऱ्या घालून मला वेड लावाल.” खरंच होतं ते. मग ती बस पकडून कामावर आली. तेव्हाचे तिथले मुकादम, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांनी तिला दारात पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला. “तू इथे काय करतेस?” “हात रिकामे नको वाटतात, मास्तर.” तिसऱ्या टेबलावर फुगवून ठेवलेल्या तराफ्याकडे त्यांनी हनुवटीने खूण केली. ती त्या तंबूत रांगत शिरली, शिवणींवरून हात फिरवला, आत नारिंगी उजेड होता, रबराचा आणि पावडरचा वास, आणि बाहेरचे सगळे आवाज दूर गेलेले. तिथे बसून ती थोडा वेळ रडली. तराफ्यात बसून रडणारी मी पहिलीच नसेन, असं मनात आलं आणि हसूही आलं. मग बाहेर येऊन तिने हवा काढली, घडी घालायला घेतली. शेवटच्या घडीला फोन वाजला. “आत नेऊन तीन तास झाले,” नणंद म्हणाली, “एक डॉक्टर बाहेर येऊन पाणी पिऊन परत गेला.” एवढंच. पण त्यानंतरचा अर्धा तास तिच्या डोक्यात तो पाणी पिणारा डॉक्टरच होता. त्याला काय झालं असेल? हात थरथरला असेल? सकाळी घरी भांडून आला असेल? ह्यांच्या उघड्या छातीपाशी उभा असताना त्याचं मन कुठे असेल? त्या अर्ध्या तासात तिच्या हातांनी कवच मिटलं, पट्टे आवळले, चिठ्ठी चिकटवली, यादीवर खुणा केल्या. पिनच्या ओळीपुढेही खूण केली. सगळ्या खुणा ती नेहमी एका दमात करायची.

कारखान्यात मालक रजिस्टर उघडून बसले होते. समोर चष्मेवाला, म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर रजिस्टरात घातली, आणि ती समजली. सापडलेला त्याचा होता. न सापडलेला तिचा. “बस,” मालक म्हणाले. “पाणी पी. समुद्र काय परसदार आहे? वारा एकाला इकडे नेतो, एकाला तिकडे.” ती म्हणाली, “मी पिन काढली होती का ते मला आठवत नाही.” हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं होतं. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. मालकांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. तिच्या खुणांच्या रांगेखाली तिची सही, आणि तिच्याखाली दुसऱ्या तपासणीची, मास्तरांची, काड्यांसारखी उभी सही. “दुसरी सही आहे की,” मालक म्हणाले. पण दुसरी सही कवच बंद झाल्यावर होते. बाहेरून पिन दिसत नाही.

मास्तर निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. ते दोन बस बदलून जावं लागे इतक्या लांब, मुलाच्या घरी राहत. दुसऱ्या बसमध्ये नवऱ्याचा फोन आला. “गोळ्या मिळाल्या का? आणि ऐक, आज घरातल्या घरात चार हजार पावलं झाली. खालच्या मजल्यावरची बाई विचारायला आली होती, वर काय चाललंय म्हणून.” ती म्हणाली, “छान.” “तुझा आवाज असा का?” “बसमध्ये आहे.” “बरं. ये सावकाश.” फोन ठेवल्यावर तिला एकदम जाणवलं की त्याची चार हजार पावलं कुणाच्या तरी हातांनी दिलेली आहेत, आणि त्या हातांना तिने कधी नीट धन्यवादही दिलेले नाहीत. पेढे वाटावेत तसं ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणून ती बाहेर पडली होती. आणि आत्ता कुठेतरी दहा-अकरा बायका फोन हातात धरून बसल्या असतील, त्यांचे नवरे किती पावलं चालणार हे तिच्या अंगठ्यावर होतं. तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. खिडकीबाहेर कपड्यांची दुकानं, शाळा, एक चौक खणून ठेवलेला. सगळं नेहमीसारखं चाललेलं, आणि त्याचा तिला राग येत नव्हता, उलट आधारच वाटत होता. कुणीतरी खणत होतं, कुणीतरी इस्त्री करत होतं, आपापलं नीट करत होतं.

दार मास्तरांच्या सुनेने उघडलं. मास्तर गॅलरीत बसले होते, खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात घट्ट रोवून. तसे रोवले की कंप कमी दिसायचा. निवृत्त व्हायच्या वर्षभर आधी तो सुरू झाला होता, आणि शेवटी शेवटी ते घडी घालत नसत, फक्त तपासत. “फोटो पाहिला,” ते म्हणाले. “सुनेने दाखवला. बस.”

“मास्तर, त्यातला दुसरा माझा आहे.”

“माहीत आहे.”

“त्या दिवशीचा. ह्यांचं ऑपरेशन होतं त्या दिवशीचा.”

“माहीत आहे म्हटलं ना.”

“मी पिन काढली होती का?”

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. ती चहा टाकायला आत गेली. मग ते गॅलरीच्या गजांकडे बघत, हवामान सांगावं अशा आवाजात म्हणाले, “नाही.”

तिचा हात तोंडावर गेला.

“ऐकून घे आधी. तू गेलीस चारला, तुझ्या नणंदेचा फोन आला म्हणून, शुद्धीवर आलाय म्हणून. आठवतंय? चपला उलट्या घालून पळालीस. मी टेबल आवरायला घेतलं. प्रत्येक तराफ्याची काढलेली पिन थाळीत टाकायची असते. थाळीत पिन नव्हती. टेबलाखाली पाहिलं, तुझ्या एप्रनच्या खिशात पाहिलं. मग कळलं, ती आत आहे. कवच उघडलं. पिन काढली. आता उघडलाच आहे म्हणून सगळीच घडी सोडून परत घातली. हात असले हे. एकट्याला सात वाजले. बायको ओरडली घरी.”

“सांगितलं का नाहीत मला?”

“कधी सांगणार होतो? दुसऱ्या दिवशी तू आलीस ती हसतच. नवरा वाचला म्हणून साऱ्या कारखान्याला बिस्किटं वाटत होतीस. तेव्हा सांगू?” त्यांनी मान हलवली. “तू घाबरली असतीस. घाबरलेला माणूस तराफ्याला हात लावत नाही, किंवा दहादा लावतो. दोन्ही वाईट. वीस वर्षांत एकदा चुकलीस. मी किती वेळा चुकलो ते तुला कुठे माहीत आहे? माझ्या मागून माझा उस्ताद उघडायचा. तोही बोलायचा नाही.”

तिला काय वाटलं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. लाज होती, ती तर होतीच. पण लाजेच्या खाली काहीतरी ऊबदार पसरत होतं. सहा महिने ती ज्या जमिनीवर निर्धास्त चालत होती तिच्याखाली एका माणसाचे थरथरणारे हात होते, आणि त्याने ते कधी वर काढून दाखवले नव्हते. आणखी अशी किती माणसं असतील? पाणी पिऊन परत आत गेलेला डॉक्टर. नणंद, जिने तिला बाकावरून हाकललं. चौक खणणारे. तिला मास्तरांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते चिडले असते. तिने त्यांचा डावा हात खुर्चीवरून उचलून आपल्या दोन्ही हातांत धरला. तो तिथे फडफडत राहिला. “तराफा अजून सापडला नाही,” ती म्हणाली.

“पण फुगला असेल,” मास्तर म्हणाले. “तेवढं माझ्याकडून घे.”

चहा आला. कुणी प्यायला नाही. सून दारात उभी राहून नखं कुरतडत होती. दीड तास असा गेला. मास्तर मधूनच वाऱ्याचं काहीतरी सांगत, तराफ्याच्या तळाला पाण्याच्या पिशव्या असतात त्या भरल्या की तो सहजासहजी उलटत नाही, वगैरे. तिला हे सगळं त्यांनीच शिकवलेलं होतं, तरी ती पहिल्यांदा ऐकावं तशी ऐकत होती. अडीचच्या सुमाराला मालकांचा फोन आला. “सापडला,” ते म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. “एका मालवाहू जहाजाने वाट सोडून, वळून त्यांना वर घेतलं. दहा जण. एकाचा हात भाजलाय. दहाच्या दहा जिवंत.”

“अकरा आणि दहा एकवीस,” ती म्हणाली.

“एक इंजिनखोलीत होता,” मालक म्हणाले. “तो वर येऊच शकला नाही.”

तिने हे मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि त्या एकासाठी काय म्हटलं ते तिला ऐकू आलं नाही. सून आत जाऊन भिंतीला टेकून रडली. मग बाहेर येऊन तिने गार झालेला चहा परत गरम करायला नेला, आणि या वेळी तिघांनीही तो प्यायला.

घरी पोचल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, पिनसकट. तो पावलं मोजायचं थांबवून पलंगाच्या कडेवर बसला. “म्हणजे माझ्यामुळे,” तो म्हणाला. “गप्प बसा,” ती म्हणाली, “सगळ्याचा मान तुम्हालाच हवा.” तो हसला आणि हसताना सवयीने छातीवर हात ठेवला. दुसऱ्या आठवड्यात ती इस्पितळात जाऊन त्या डॉक्टरांना भेटून आली. रुग्णांची रांग होती. अर्ध्या मिनिटात तिला काय बोलायचं ते जमलं नाही. तुम्ही त्या दिवशी पाणी प्यायला बाहेर आला होतात, एवढंच ती म्हणाली. डॉक्टर गोंधळले. “तहान लागली असेल,” ते म्हणाले. “हो,” ती म्हणाली, “तेवढंच विचारायचं होतं. आणि थँक्यू.” बाहेर येऊन ती कितीतरी वेळ एकटीच हसत राहिली. कामावर तिने कुणी न सांगता स्वतःच थाळीतल्या पिना तीनतीनदा बघायला सुरुवात केली. मालकांनी ते पाहिलं, दुसऱ्या सहीआधी थाळीतल्या पिना मोजायच्या असा नियम केला आणि भिंतीवर लावला.

महिन्याभराने कारखान्यात एक फोन आला. त्या जहाजाचा स्वयंपाकी होता. आवाज बसलेला, पण माणूस बोलका. चिठ्ठीवर नंबर होता म्हणाला. वेळच वेळ होता, पाठ झाला. “तराफा कुणी बांधला होता, त्यांच्याशी बोलायचंय.” मालकांनी फोन तिच्याकडे दिला. तिने आधीच ठरवलं होतं की असा फोन कधी आलाच तर खोटं बोलायचं नाही. ती उभ्या उभ्या म्हणाली, “बांधला मी. पण मी त्यातली पिन काढायला विसरले होते. आमच्या मास्तरांनी नंतर उघडून काढली. नाहीतर तो फुगला नसता.” चष्मेवाल्याने हातातलं काम थांबवलं. मग स्वयंपाकी म्हणाला, “बाई, खरं सांगू? आम्ही तराफ्यात होतो, जहाज डोळ्यांसमोर खाली गेलं होतं, आणि मी सगळा वेळ एकच विचार करत होतो. भाताखालचा गॅस मी बंद केला होता का?” आणि तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकल्यानंतर जे आलं ते हसू नव्हतं. ती फोन कानाला लावून थांबली. इंजिनखोलीतल्या माणसासाठी ताट झाकून ठेवलं होतं, असं तो म्हणाला. मग नाक साफ करून त्याने विचारलं, “ते मास्तर आहेत का तिथे?”

“ते आता घरी असतात. संध्याकाळी मी जाते त्यांच्याकडे. तिथून लावू का?”

“लावा. मी कुठे जातोय? बायको मला दाराबाहेर सोडत नाही.”

संध्याकाळी गॅलरीत मास्तरांना फोन धरवेना, म्हणून तिने तो त्यांच्या कानाशी धरला. चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी किती तराफे बांधले याचा हिशोब कुणाकडे नव्हता, आणि त्यांतला एकही, हा एक सोडला तर, कामाला आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मुदत संपली की तराफे कापून भंगारात जात, एकदाही पाणी न पाहता. तेच चांगलं, असं मास्तर म्हणायचे. ज्याने तो वापरला असा माणूस त्यांच्याशी आज पहिल्यांदा बोलत होता. पलीकडून स्वयंपाकी बरंच काही म्हणत होता. आवाज येत होता, शब्द तिला कळत नव्हते. मास्तर नुसतं “हं, हं” करत होते. शेवटी पलीकडचा थांबला. आता आपण काहीतरी बोलायला हवं हे मास्तरांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी घसा साफ केला.

“प्यायच्या पाण्याची पाकिटं ठेवली होती आत,” ते म्हणाले. “पुरली का हो?”

उत्तर ऐकून ते, कान फोनला तसाच ठेवून, तिच्याकडे वळले.

“चार उरली म्हणतो,” ते म्हणाले.